सावलीवरून हाडांचे वजन

या लेखाची सुरुवात एका लहानशा प्रयोगाने करू. साहित्य अगदी साधे आहे: शिंप्याकडची मोजपट्टी, पेन्सिल, एक भिंत आणि घरातली आजी. घरात आजी नसेल तर शेजारची चालेल. तिला अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहायला सांगा. डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करा आणि उंची मोजा. मग तिला दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताणून पसरायला सांगा आणि एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. या अंतराला आपल्याकडे ‘वाव’ म्हणतात. विहिरीचा दोर पूर्वी वावेनेच मोजत.

आता हीच दोन मापे स्वतःची घ्या. तुमची वाव आणि तुमची उंची जवळजवळ सारखी भरेल. फरक पडला तर थोड्या सेंटीमीटरांचा. आजीच्या बाबतीत मात्र उंची वावेपेक्षा बरीच कमी भरण्याचा संभव आहे. हाताची लांब हाडे म्हातारपणी आखूड होत नाहीत, म्हणून वाव ही आजीच्या तरुणपणच्या उंचीची आठवण आहे असे समजा. उंची मात्र घटते. काही घट मणक्यांमधल्या चकत्या झिजल्याने आणि पाठ वाकल्याने होते व ती वयोमानाप्रमाणे चालायचीच. परंतु तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरांहून अधिक घटली असेल, तर डॉक्टरांच्या मनात एक शंका येते: एखादा मणका आतल्या आत दबून चपटा झाला असेल काय? (वाव आणि उंची यांचा मेळ माणसागणिक थोडा बदलतो, तेव्हा एवढ्या प्रयोगावरून आजीला घाबरवू नका.)

मणका मोडला आणि कळलेही नाही, असे होऊ शकते काय? होते. अस्थिसुषिरता या विकारात हाडातील खनिज आणि त्याची आतली वीण दोन्ही विरळ होत जातात. हाड दुखत नाही, सुजत नाही. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही आणि एके दिवशी पाण्याची बादली उचलताना पाठीत चमक भरते, किंवा न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते. खुबा मोडलेला वृद्ध माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा हिंडूफिरू शकत नाही. म्हणून हाड मोडण्याआधीच ते किती विरळ झाले आहे हे मोजता आले पाहिजे. प्रश्न असा की, जिवंत माणसाच्या मांसात दडलेले हाड तराजूत घालायचे कसे?

फोटोत दिसते, मग मोजता का येत नाही?

तुम्ही म्हणाल, क्ष-किरणांचा फोटो काढावा. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून मोडलेले हाड पाहण्यासाठी यासारखे साधन नाही. पण मोडलेले पाहणे वेगळे आणि विरळ झालेले मोजणे वेगळे. साध्या फोटोत हाड फिकट दिसू लागेपर्यंत त्यातील तीस टक्के किंवा त्याहूनही अधिक खनिज गेलेले असते. म्हणजे चोराने तिसरा हिस्सा तिजोरी रिकामी केल्यावर पहारेकरी जागा होणार!

असे का व्हावे? फोटो म्हणजे सावली. सावली किती गडद पडेल हे हाडावर अवलंबून असते, तसेच ते हाडापुढच्या व मागच्या मांसावर, चरबीवर, किरण किती वेळ सोडले यावरही अवलंबून असते. लठ्ठ माणसाचे विरळ हाड आणि किडकिडीत माणसाचे भक्कम हाड यांच्या सावल्यांची तुलना डोळ्यांनी करणे हा अंदाजाचा मामला आहे.

यावर पहिली खरी तोड अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी १९६३ साली काढली. त्यांची युक्ती मला फार आवडते, कारण ती वर्गात फळ्यावर सांगता येते. त्यांनी फोटोची फिल्म बाजूला ठेवली आणि किरण मोजणारा गणक घेतला. किरणांसाठी किरणोत्सारी आयोडीन वापरले, म्हणजे सर्व किरण जवळपास एकाच ऊर्जेचे. राहिला मांसाच्या जाडीचा प्रश्न. त्यासाठी हाताभोवती पाण्यासारखे द्रव्य ठेवून एकूण जाडी सगळीकडे सारखी केली. पाणी आणि मांस किरणांना जवळपास सारखेच अडवतात. मग किरणांचा झोत हातावरून सरकताना गणकाचा आकडा जिथे कमी होईल, तिथे फक्त हाडामुळेच कमी होणार!

पण ही युक्ती मनगट आणि टाच यांपुरतीच. आजीचे पोट, कंबर, पाठ यांची जाडी अशी सारखी करता येत नाही, आणि आयोडीनचे मवाळ किरण धडातून पार निघतच नाहीत. धोका तर मणक्यांना आणि खुब्याला अधिक.

दोन अज्ञाते, दोन समीकरणे

दहावीच्या बीजगणिताची सुरुवात दोन चलांच्या रेषीय समीकरणांनी होते. “सर, याचा पुढे उपयोग काय?” असे विचारणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एक तरी असतो. हा घ्या उपयोग.

धडातून जाणाऱ्या किरणाच्या वाटेत दोन अज्ञाते आहेत: हाड किती आणि मऊ ऊती किती. एक मोजमाप म्हणजे एक समीकरण, आणि एका समीकरणातून दोन अज्ञाते सुटत नाहीत. म्हणून वेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी त्याच जागेचे दुसरे मोजमाप घ्यायचे.

परंतु दुसरे समीकरण पहिल्याचीच पट असेल तर पुन्हा उत्तर मिळणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे निसर्ग मदतीला येतो. कमी ऊर्जेचे किरण अडवण्यात प्रकाशविद्युत परिणामाचा वाटा मोठा असतो, आणि तो अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. हाडात त्याखेरीज फॉस्फरस आणि कॅल्शियम. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०. अडीचपटीचा घन करून पाहा: पंधरापटीहून अधिक! जास्त ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत मात्र कॉम्प्टन परिणाम वरचढ ठरतो, आणि त्याला मूलद्रव्य कोणते याची फारशी फिकीर नसते. म्हणून ऊर्जा वाढवली की हाडाची अडवणूक झपाट्याने उतरते, मांसाची त्या मानाने सावकाश.

आता आकडे घालू. किरणांची तीव्रता २.७१८ ने भागली जाईल एवढ्या अडथळ्याला एक ‘थर’ म्हणू. (२.७१८ च का, हे अकरावीत लॉगॅरिदम शिकताना कळेल.) दोन थरांनी तीव्रता दोनदा भागली जाते, तीन थरांनी तीनदा. म्हणजे तीव्रता भागली जाते, पण थरांची मात्र साधी बेरीज होते. सुमारे ४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांना दर चौरस सेंटीमीटरमागे एक ग्रॅम हाड ०.६७ थराइतके अडवते आणि एक ग्रॅम मऊ ऊती ०.२७ थराइतके. ८० च्या ऊर्जेला हेच आकडे अनुक्रमे ०.२२ आणि ०.१८ आहेत. समजा, एका जागी यंत्राला कमी ऊर्जेत ६.०७ थर आणि जास्त ऊर्जेत ३.८२ थर आढळले. हाडाला ‘ह’ आणि मऊ ऊतींना ‘म’ मानू.

०.६७ ह + ०.२७ म = ६.०७
०.२२ ह + ०.१८ म = ३.८२

दुसऱ्या समीकरणाला १.५ ने गुणा:

०.३३ ह + ०.२७ म = ५.७३

पहिल्यातून वजा करा. ०.३४ ह = ०.३४. म्हणजे ह = १ ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. ‘म’ तुम्हीच काढा. उत्तर २० आले पाहिजे. मांसाची जाडी आधी माहीत असण्याची गरजच उरली नाही! ६.०७ थर म्हणजे साधारण चारशे तीस किरणांतून एकच पार आला, आणि त्या एकाने आतली बातमी आणली.

प्रत्यक्षात चरबी आणि मांस यांची अडवणूक थोडी वेगळी असते. म्हणून यंत्र हाडाच्या शेजारची, फक्त मऊ ऊती असलेली जागाही मोजते आणि तिच्याशी पडताळा घेते. सुरुवातीला दोन ऊर्जांसाठी गॅडोलिनियम-१५३ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरत. त्याचा अर्धायुकाल सुमारे २४० दिवसांचा, म्हणून ते पुन्हा पुन्हा बदलावे लागे, आणि तपासणीही वेळखाऊ. १९८७ च्या सुमारास त्याची जागा क्ष-किरण नळीने घेतली. यालाच आज डेक्सा तपासणी म्हणतात. रुग्ण टेबलावर निजतो, वरून एक हात सरकत जातो आणि काही मिनिटांत काम होते. किरणांची मात्रा इतकी थोडी की, निसर्गातून आपल्याला एकदोन दिवसांत तेवढी सहज मिळते.

आकडा मिळाला; पुढे काय?

यंत्राने दिलेल्या उत्तराचे एकक पुन्हा पाहा: ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. घनतेचे एकक तर ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर! ही छपाईची चूक नाही. सावलीला लांबी-रुंदी असते, खोली नसते. एकाच पदार्थाचे दोन घन घ्या, एकाची बाजू २ सेंटीमीटर, दुसऱ्याची ३, आणि घनता दोन्हींची १. सावलीवरून मोजणाऱ्या यंत्राला पहिल्यात २ आणि दुसऱ्यात ३ दिसेल. पदार्थ तोच, तरी मोठा घन ‘दाट’ ठरला. म्हणजे बुटक्या, लहान चणीच्या माणसाचे हाड या यंत्राला मुळातच थोडे विरळ दिसते.

याचा परिणाम पुढच्या पायरीवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली रीत अशी: रुग्णाच्या आकड्यातून तरुण निरोगी स्त्रियांची सरासरी वजा करायची आणि बाकीला प्रमाण विचलनाने भागायचे. याला टी-गुण म्हणतात. तो उणे १ पेक्षा वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाड विरळ होऊ लागले आहे. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर अस्थिसुषिरता. समजा, एका आजीचा आकडा ०.५५ आहे. तरुणींची सरासरी ०.८६ आणि विचलन ०.१२ धरले तर टी-गुण उणे २.६ येतो, आजी आजारी. तेच विचलन ठेवून सरासरी ०.८० धरली तर उणे २.१, आजी कुंपणाच्या अलीकडे. हाड तेच! मग सरासरी कोणाची धरायची, सातासमुद्रापलीकडच्या गोऱ्या तरुणींची की आपल्या? काही तज्ज्ञ म्हणतात, लहान हाड मोडायलाही सोपे असते, म्हणून जगभर एकच सरासरी असू द्या. काही म्हणतात, आपली वेगळी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील तरुण स्त्रीपुरुषांची हाडे मोजून भारतीय सरासरी २०१० साली प्रसिद्ध केली. तपासणीच्या कागदावर कोणती सरासरी वापरली हे छापलेले असते. ते वाचायची सवय ठेवावी.

तुमच्या वयाच्या मुलांना तर टी-गुण लावताच येत नाही. हाड अजून वाढते आहे, त्याची तुलना पूर्ण वाढलेल्या माणसाशी कशी करणार? इथे पुण्यात झालेले काम सांगितले पाहिजे. तेथील हीराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते १७ वर्षांच्या निरोगी मुलामुलींची डेक्सा तपासणी करून वयाप्रमाणे आलेख तयार केले आणि २०११ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे दीर्घ आजारातून उठलेल्या एखाद्या मुलाचे हाड त्याच्या वयाच्या आपल्याकडच्या मुलांइतके आहे का, हे पाहण्यासाठी परदेशी तक्त्यांवर विसंबण्याची गरज उरली नाही. निरोगी मुलांना टेबलावर निजवून मोजत बसणे हे काही वर्तमानपत्रात ठळक मथळ्याने छापून येणारे संशोधन नव्हे. पण मोजपट्टीवर आधी रेघाच नसतील तर मोजणार काय?

सावलीचे आणखी एक वैगुण्य आहे. वाटेत जे जे येईल ते सारे बेरजेत जाते. परकराच्या नाडीला लावलेली सेफ्टी पिन, पोटात न विरघळलेली कॅल्शियमची गोळी, हे सगळे ‘हाड’ म्हणून मोजले जाऊ शकते. हे मी घरीच शिकलो. माझी आई बासष्टाव्या वर्षी अंगणात घसरली आणि मनगट मोडले. प्लास्टर घातले, निघाले, आम्ही सगळे विसरलो. “पडली म्हणून मोडले” असे मीच चारचौघांना सांगत होतो. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे हीच धोक्याची सूचना असते, हे मी भौतिकशास्त्राचा अध्यापक असूनही मला ठाऊक नव्हते. सहा वर्षांनी तिच्या पाठीत कळ आली तेव्हा तपासणी झाली. कंबरेच्या मणक्यांचा टी-गुण उणे ०.८, म्हणजे उत्तम! खुब्याचा मात्र उणे २.७. हे कोडे डॉक्टरांनी उलगडले. मणक्यांच्या कडांना संधिवाताने हाडाची टोके वाढली होती आणि त्यांची सावली बेरजेत मिळाली होती. म्हणून तर दोन्ही जागा मोजतात. औषधे सुरू झाली. ती सहा वर्षे आधीही सुरू होऊ शकली असती.

याउलट प्रसंगही घडतो. आमच्या सिडको भागात ‘हाडांची मोफत तपासणी’ अशी शिबिरे भरतात. तेथे बहुधा टाच एका लहान यंत्रात ठेवतात. ते यंत्र क्ष-किरण वापरत नाही. टाचेतून श्राव्यातीत ध्वनी सोडते आणि त्याचा वेग व क्षीणता मोजते. दाट विणीच्या हाडातून ध्वनी अधिक वेगाने जातो. कल्पना चांगली आहे, यंत्र हलके आहे, खेड्यात नेता येते. पण उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी आखलेली आहे, ती टाचेच्या ध्वनीला जशीच्या तशी लावता येत नाही. आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच शिबिरातून उणे २.६ चा कागद घेऊन आल्या आणि त्यांनी जिना चढणे सोडले, नातवंडांबरोबरची वेरूळची सहल रद्द केली. डेक्सा केल्यावर खुब्याचा गुण निघाला उणे १.४. शिबिराचा कागद म्हणजे ‘पुढची तपासणी करा’ एवढाच निरोप समजावा.

तपासणी करावी कोणी? साधारणतः पासष्टीपुढच्या स्त्रियांनी. आणि त्याआधीही, ज्यांचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आहे, पाळी फार लवकर बंद झाली आहे, किंवा दम्यासारख्या आजारासाठी जे दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून. पुरुषांनाही हा विकार होतो, थोडा उशिरा.

आणि पुन्हा तपासणी कधी? उत्साही मुलगा आईला सहा महिन्यांनी घेऊन जातो. पण तुम्ही प्रयोगवहीत ‘त्रुटी’ लिहिता ना? या यंत्राची पुनरावृत्तीतील त्रुटी साधारण एक टक्का. दोन मोजमापांची वजाबाकी करताना दोघांच्याही त्रुटी मिसळतात. त्यामुळे जवळपास तीन टक्क्यांपेक्षा कमी फरक खरा की यंत्राचा, हे सांगता येत नाही. हाड तर वर्षाला एकदोन टक्क्यांनीच बदलते. म्हणून वर्ष-दोन वर्षे थांबायचे आणि शक्यतो त्याच यंत्रावर जायचे.

एक गोष्ट मात्र कितीही अचूक डेक्सा यंत्र सांगू शकत नाही. सावली फिकट आहे ती हाडाची वीणच विरळ झाली म्हणून, की वीण शाबूत असून तिच्यात खनिज भरले गेले नाही म्हणून? दुसऱ्या विकाराला अस्थिमृदुता म्हणतात, आणि त्याचे नेहमीचे कारण ड जीवनसत्त्वाची उणीव. म्हणून डेक्साबरोबर रक्ततपासणी करतात. नाचणी, तीळ, दूध यांतून कॅल्शियम पोटात गेले तरी ते आतड्यातून रक्तात नीट उतरायला ड जीवनसत्त्व लागते. तुमच्या वयाला दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि हाडांची बहुतेक भर विशीच्या आत पडते. तेव्हा ही गोष्ट आजीइतकीच तुमचीही आहे.

ड जीवनसत्त्व ‘कोवळ्या उन्हातून’ मिळते असे घरोघरी सांगतात. त्याची परीक्षा तुम्ही काठीने करू शकता. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण वातावरणातील ओझोन शोषून घेतो. सूर्य खाली असला की किरणांची वाट तिरकी आणि लांब, म्हणून ते जवळपास सगळे वरच अडतात. ढोबळ नियम असा की, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच हे किरण पुरेसे पोचतात. खिडकीच्या काचेमागे बसूनही उपयोग नाही, काच त्यांना अडवते.

छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे सर्वांत दूर असतो त्या दिवशी, एक मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी रोवा. आपल्याकडचा खरा मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास येतो. त्या वेळी काठीची सावली सुमारे ९४ सेंटीमीटर भरली पाहिजे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मंद दुपारीही काठीपेक्षा थोडी आखूड. त्याच सकाळी आठ वाजता, शाळेच्या कवायतीच्या वेळी, तीच सावली मोजून ठेवा. माझ्या गणिताने ती पावणेपाच मीटर येते.